पाचव्या दिवसाची धग

वरकुटे, ता. इंदापूर
१७ मार्च २०२४

राजलक्ष्मी हिला आबाचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, न्हाय तर राहू दे.

माझा फोन तू अकरा वर्सं उचलला न्हाईस. आता फौजदारकीच्या ट्रेनिंगला गेलीस, तितं रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो म्हणं, आणि ती दहा मिनिटं तुझ्या आईची. म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत न्हाय. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एक ओळ तरी वाचतंच. तर ती ओळ अशी, की सोनम बरी हाय. जेवती, खेळती, झोपती. आता फाडायचा तर फाड.

अजून वाचतीयस म्हंजे पुढं लिहितो.

पोरगी तू तुझ्या आईच्या हवाली केलीस, माझ्या न्हाय. फाटकात उभं राहून, मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणलीस, "आई, ह्यांच्या हातात देऊ नकोस तिला." ऐकलं मी. पण घर एकच, अंगण एकच, आणि सात वर्सांचं पोर आजीच्या पदराला धरून कितीक बसंल? तुझी आई भाकरी थापायला बसली की हिची पावलं कोंबड्यांच्या शेडकडं. येऊ नको असं मला म्हणवत न्हाय.

पण पोरीला काय करून ठेवलंयस गं. पुण्याच्या फ्लॅटात कूलरपुढं वाढवलीस. पहिल्या दिवशी फाटकापासनं शेडपतूर अनवाणी आली, तर तळव्याला फोड. दर दहा मिन्टाला पाणी, तेबी फ्रीजमधलं. तिसऱ्या दिवशी अंगणात खेळता खेळता नाकाचा घोळणा फुटला. फ्रॉकवर रक्त. रणजितचा असाच फुटायचा.

रणजितचं नाव मी काढलेलं तुला चालणार न्हाय. काढतो तरी. तुझा धाकटा भाऊ व्हता, तसा माझा पोरगाबी व्हता. तेरा सालच्या मे महिन्यात शेडच्या पत्र्यावरनं खाली उतरवला तवा पंधरा वर्सांचा. डॉक्टरनं लिहून दिलं, उष्माघात. तू तवा बारामतीला हॉस्टेलवर. आलीस, त्याचं तोंड बघितलंस, आणि माझ्याशी जी गप बसलीस ती आजतागायत. त्या दिवशी काय झालं ते मी सगळ्या गावाला सांगितलंय. लाईट गेलती, तो पत्र्यावरच्या गोणपाटांवर पाणी मारत व्हता. मी खाली उतर म्हणलो, तो उतरला न्हाय. एवढंच.

का गेला, हे मात्र मी अकरा वर्सं शोधतोय आणि मला सापडलंय. तुझ्या वेळंला तुझी आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत व्हती. आठवा महिना, भर वैशाख. तू उन्हातच रुजलीस. रणजितच्या वेळंला आपलं पहिलं शेड उभं राहिलं व्हतं, घरावर स्लॅब, डोक्यावर पंखा. त्याला लहानपणी कुणी धग दाखवलीच न्हाय.

परवा पाच हजार पिल्लं उतरली शेडमध्ये. पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या डॉक्टर अनिताबाईंनी रणजित गेला त्याच साली बैठकीत सांगितलं व्हतं, की पिल्लू पाच दिवसांचं असताना त्याला एक दिवस वाढीव उष्णता द्यायची. त्या वयातली धग अंगाच्या लक्षात राहती, मग तेच पक्षी मे महिन्यात तग धरतात. आईनं काय सोसलं तेबी अंड्यातनं पोरांत उतरतं म्हणल्या. बाई पुस्तकातलं सांगत व्हत्या, पण मला वाटलं आपल्याच घरातलं सांगतायत.

सोनमचं रणजितसारखं मी होऊ देणार न्हाय. तू तितं निवांत ट्रेनिंग कर.

तुझा
आबा


२४ मार्च

राजलक्ष्मी,

आज होळी. तुझ्या आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या, सोनमनं दोन खाल्ल्या. तुपात बुडवून. आईनं दुपारी फोनवर सांगितलंच असंल, पण माझ्याकडनंबी असू दे.

वीस तारखेला पिल्लांना धग दिली. सगळं एकट्यानं केलं. पिल्लांभोवतीचं पत्र्याचं कडं आवळलं, बल्ब वाढवले, पडदे पाडले, काटा चाळिसावर नेला, पाण्याची भांडी काढून घेतली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. दुपारी पिल्लं पंख पसरून तुसावर चिकटून पडली व्हती. मला बघवत न्हाय तसलं, पण बघायला लागतं.

एकशे वीस गेली. सोनमनंच बादलीत घालून मोजली. आधी रडली. मी समजावलं, की बाळा ही कमजोर व्हती, आज न्हाय तर पुढच्या महिन्यात गेलीच असती. राहिलेली बघ कशी उभी राहिली. तर ती म्हणती, "आबा, कमजोर कोण हाय ते आधी कसं कळतं?" मी म्हणलो, आधी न्हाय कळत, धग दिल्यावरच कळतं. बादली बाजूला ठेवली. मग म्हणली, "मला पण द्या की. मी कमजोर न्हाय."

बघ. तुझंच रक्त. मी म्हणलो न्हाय हां, ती म्हणली.

तसं काय भयंकर करत न्हाय मी, तुझं मन लगेच तिकडं धावंल. सकाळची शाळा सुटली की आमी दोघं फाटकापासनं कालव्याकडं चालत जातो. वाटंला विजेचे खांब हाईत. पहिल्या दिवशी चार खांब, मग दोन-दोन वाढवायचे. चपला काढून. गळ्यात तिची ती गुलाबी बाटली असती, भरलेली. ती घरी आल्यावरच उघडायची. बाटली जवळ असून न उघडणं, हाच तर सगळा अभ्यास. मधीच रडवेली झाली की मी म्हणतो, "अजून दोन राहिलेत, दोनच." मग चालती. आता तर मी म्हणायच्या आधी तीच म्हणती.

काल आठ खांब केले. घरी येऊन एका दमात बाटली संपवली आणि आजीला दंड दाखवला. तुझी आई माझ्याकडं बघून तशीच आत गेली. तिचं तुला म्हाईतच हाय.

घोळणा परत फुटला न्हाय.

आबा


८ एप्रिल

राजलक्ष्मी,

तुझा निरोप मिळाला. "त्यांना म्हणावं, पोरीला उन्हात काढू नका." एवढाच. त्यांना म्हणावं. मी कोण, गावचा तलाठी?

राग आला, खोटं कशाला बोलू. आईनं फोनवर मला ते वाचल्यासारखं सांगितलं, तवा मी ताटावरनं उठलो. चूल मीच पेटवलेली, भाकरी मीच थापलेली, आणि मीच उठलो.

आता हे लिहून गेलं. खोडलं तर जास्त दिसंल, म्हणून खोडत न्हाय. तुझी आई घरी न्हाय. एक तारखेपासनं वडगाव निंबाळकरला हाय, छबू मावशीकडं. मावशी मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, करायला दुसरं कोण न्हाय. सोनमला बरोबर नेणार व्हती, पण मावशीचं घर दोन खोल्यांचं, त्यात आजारी माणूस. मीच म्हणलो, राहू दे हितं. तुला कळवायचं न्हाय असं आमचं दोघांचं ठरलं, कारण तू ट्रेनिंग सोडून येशील आणि एवढ्या वर्सांचं मातेरं होईल. रविवारी आई तुला "सोनम खेळायला गेलीय" म्हणती ती वडगावातनं म्हणती. तिला बोलू नकोस. तिला खोटं जमत न्हाय, मी शिकवलंय.

पण मला एक सांग. तुझ्या आईनंच मला सांगितलं, की दहा किलोमीटरच्या पळण्यात तुमच्या तुकडीतल्या चार पोरी चक्कर येऊन पडल्या आणि तू पहिली आलीस. ते कुठनं आलं? पुण्याच्या फ्लॅटातनं? दुसरी-तिसरीला असताना मी तुला माझ्यामागं माळावर फिरवली, पाणी मागितलंस तर म्हणलो, आधी पक्षी, मग आपण. पक्ष्यांच्या आधी पाणी प्यायचं न्हाय, हा आपल्या घरचा नियम. तुला तवा राग यायचा. आज तुझ्या खांद्यावर तारे लागणार हाईत ते त्या नियमावर.

मलाबी कुणी लाडानं वाढवला न्हाय. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्सांचा. सगळं घर खडी फोडायला. बाप घागर आपल्या पाठीमागं ठेवायचा आणि म्हणायचा, खडीचा ढीग पुरा झाल्याबिगर घागरीला हात लावायचा न्हाय. मी लावला न्हाय. मी जगलो, सहासष्ट वर्सांचा होऊन शेड चालवतोय. धाकटी बहीण कुशा त्या उन्हाळ्यात गेली, पण ती आधीपासनंच किरकिरी व्हती.

सोनमचे वीस खांब झाले. काल तिनं स्वतःहून बाटली घरीच ठेवली. मी म्हणलो घे, तर म्हणती, "न्हाय आबा, तहान लागत न्हाय आता."

उद्या पाडवा. गुढी मी उभारीन. साखरंची माळ तिनं आताच निवडून ठेवलीय.

आबा


२० एप्रिल

राजलक्ष्मी,

तुझं कार्ड मिळालं. स्वतःच्या हातानं लिहिलंस, अकरा वर्सांत पहिल्यांदा. अक्षर बदललंय तुझं, बारीक झालंय. "सोनमला ताबडतोब आईकडं वडगावला पोचवा. मी ३० तारखेला रजा घेऊन येते. ही विनंती नाही." हुकूम द्यायला चांगलं शिकवतात तितं.

पोचवतो. न्हाय म्हणत न्हाय. पण पक्षी छत्तीस दिवसांचे झालेत, पंचवीसला उचलायला गाडी यायचीय. तोवर शेड सोडून मला तासभर हलता येत न्हाय. बेचाळीसवर पारा, लाईटीचा भरवसा न्हाय, निवडणुकीच्या गाड्या दिवसभर बोंबलतायत त्यानं पक्षी बुजतात. सव्वीसला सकाळच्या एसटीनं स्वतः नेऊन सोडतो. सहा दिवसांत काय होतंय?

आता एक गोष्ट लिहितो, ती तुला लिहायची का न्हाय ह्यावर दोन दिवस घालवले.

परवा डॉक्टर अनिताबाई आल्या. मी त्यांना माझी वही दाखवली. अकरा वर्सांची वही हाय ती, रणजित गेल्यापासनं ठेवलीय. कुठल्या लॉटला पाचव्या दिवशी धग दिली, कुठल्याला न्हाय, आणि उन्हाळ्यात कुठल्यातले किती पक्षी मेले. धग दिलेल्यातले कमी मेले, दरवेळी कमी. म्हणलो बाई, तुमचं पुस्तक मी खरं करून दाखवलं.

बाई शांत माणूस. चष्मा लावून पानं उलटत बसल्या. मग विचारलं, "आबा, ह्यात पाचव्या दिवशी मेलेली पिल्लं कुठल्या पानावर हाईत?"

कुठल्याच न्हाईत. माझी वही आठव्या दिवसापासनं सुरू होती. पहिल्या आठवड्याची मर कंपनीच्या कार्डावर लागती, ती पिल्लं मुळातच खराब आली असं धरतात, समदे शेडवाले तसंच करतात. बाईंनी गाडीतनं जुनी कार्डं काढली आणि हितंच खाटंवर बसून बेरीज केली. उन्हाळ्यात जेवढे वाचवले, त्याच्या दुप्पट मी पाचव्या दिवशीच घालवलेले व्हते.

म्हणल्या, "उष्णता तीन-चार डिग्रीनं वाढवायची असती, आबा. चाळीस न्हाय. आणि पाणी समोरच ठेवायचं, उलट जास्त ठेवायचं. पाणी काढून घ्या असं मी कधी म्हणलं?"

कधीच म्हणल्या न्हाईत. मी आठवून आठवून बघितलं. पाण्याचं माझंच. ते मी त्यांच्या बोलण्यात कधी घातलं, मला सांगता येत न्हाय.

आणखी म्हणल्या, "आईनं सोसलं की पोर कणखरच निघतं असंबी न्हाय. पोटभर खाऊन सोसलं तर निघतं. उपाशी राहून सोसलं तर पोर आधीच अर्धं दमून जन्माला येतं." मग सोनमकडं बघितलं. ती खांबाला टेकून उभी व्हती. "ही पोरगी अशी सुकल्यासारखी का दिसती?" मी म्हणलो, उन्हाळा हाय. बाईंनी तिला पर्समधली बाटली पुढं केली. सोनम म्हणली, नको. तहान न्हाय मला.

बाई गेल्यावर मी सोनमला म्हणलो, उद्यापासनं खांब बंद. तर तोंड एवढंसं करून विचारती, "मी नापास झाले का?"

सव्वीसला पोचवतो. नक्की.

आबा


इंदापूर, दवाखान्यातून
२५ एप्रिल

राजलक्ष्मी,

सोनम जिवंत हाय. शुद्धीवर हाय. ही ओळ आधी वाच, मग खाली बस.

हे पत्र टपालात टाकायचं न्हाय. आई वडगावातनं हितं आलीय, तिनं तुझ्या साहेबांना फोन केला, तू निघालीयस असं कळलं. तू आलीस की आई हे तुझ्या हातात देईल. तोंडानं मला सांगता यायचं न्हाय, आणि तू ऐकायचीबी न्हाईस.

मंगळवारी दुपारी बाराला लाईट गेली. पंखे बंद, फवारे बंद. एकोणचाळीस दिवसांचे पक्षी, अडीच-अडीच किलोचे, चोची वासून धापा टाकायला लागले. जनरेटरला हिसके देऊन देऊन दमलो, तो धरंना. मग पाईप घेऊन पत्र्यावर चढलो. रणजितनंतर मी पत्र्यावर दुसऱ्या कुणाला चढू दिलेलं न्हाय. सोनम शाळेतनं आलती. तिला वरनं म्हणलो, आत जा आणि टाकीतलं पाणी मगानं भांड्यांत भर, ओळीनं भर. खांब बंद केले व्हते मी. हे काम म्हणून सांगितलं.

अर्ध्या तासानं हाक मारली, "सोनम, झालं का?" आतनं आवाज आला, "आबा, अजून दोन राहिलीत."

मला बरं वाटलं. खरं लिहितो, अभिमान वाटला. मी पाणी मारत राहिलो.

परत हाक मारली तवा आवाज आला न्हाय. तिचं मघाचं "अजून दोन" आठवलं आणि मी पत्र्यावर उभाच्या उभा राहिलो, हातातला पाईप चालूच. मग कसा उतरलो ते आठवत न्हाय. शेवटच्या ओळीत तुसावर बसली व्हती, पाठ भिंतीला, हातात पाण्याचा मग तसाच. तोंड लालभडक, अंग तापलेल्या तव्यावाणी, आणि घामाचा टिपूस न्हाय. भोवती पक्षी भांड्यात चोची घालून पीत व्हते. माझ्याकडं बघितलं पण ओळखलं न्हाय. "अजून दोन," एवढंच पुटपुटत व्हती. गळ्यात गुलाबी बाटली व्हती. त्या दिवशी नेमकी शाळंला घेऊन गेलती. तोंडापतूर भरलेली. टोपण मला फिरवायला जड गेलं, इतकं घट्ट बसलेलं.

शेडमधली सगळी भांडी भरलेली व्हती, दोन सोडून.

लासुर्ण्याची एक जीप निवडणुकीच्या माणसांना घेऊन चालली व्हती, तिला आडवा झालो. त्यांनी माणसं रस्त्यावर उतरवून पोरीला घेतलं. टाकीच्या पाण्यानं भिजवत आणली. हितं बर्फ लावला, सलाईन लावलं, रात्री एक झटका येऊन गेला. काल दुपारी तिनं आजीला हाक मारली. डॉक्टर म्हणतात मेंदूला इजा दिसत न्हाय, पण मूत्रपिंडावर नजर ठेवायला लागंल. पुढच्या काही वर्सांत ऊन तिला आधीपेक्षा कमी सोसंल, असंबी म्हणले. कमी. मी परत विचारलं, तर परत तेच म्हणले.

आता रणजितचं.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. गावालाबी तेच सांगितलं, तुझ्या आईलाबी. मी त्याला खाली उतर म्हणलोच नव्हतो. तो पत्र्यावर, मी खाली. दोनदा वरनं म्हणला, "आबा, गरगरतंय." मी म्हणलो, "अजून दोन पत्रे राहिलेत, तेवढे भिजवून उतर." तिसऱ्यांदा काय म्हणला न्हाय. मी समजलो, मारतोय पाणी. पोरी, त्याच्या हातात पाईप व्हता. कोपरापतूर भिजलेला व्हता तो. पाण्यात उभं राहून माझं पोर तहानेलं गेलं, कारण पक्ष्यांच्या आधी प्यायचं न्हाय हा नियम माझा व्हता. मी चढलो तवा पाईप त्याच्या छातीवर वाहत व्हता.

तो सावलीत वाढला म्हणून गेला, हे मी अकरा वर्सं घोकलं. वही ठेवली. घोकलं न्हाय तर दुसरं काय उरतं ते मला म्हाईत व्हतं.

अनिताबाईंनी विचारलं व्हतं, कुठल्या पानावर हाईत. कुशा कुठल्या पानावर हाय, ह्याचं उत्तर मला काल सलाईनचे थेंब बघत बसलो तवा सापडलं. ती किरकिरी नव्हती. नऊ वर्सांची व्हती आणि पाणी मागत व्हती. बापानं घागर पाठीमागं ठेवली, मी जगलो, म्हणून मला वाटलं घागर पाठीमागं ठेवल्यानंच मी जगलो. तू जगलीस, तर मला वाटलं मीच केलं. जे गेले ते कमजोर व्हते म्हणून सोडून दिले.

शेडमधले पक्षी किती मेले ते मोजले न्हाईत. कंपनीवाले बघतील.

तू दहा किलोमीटरला पहिली आलीस, ते मी साऱ्या गावात सांगत फिरलो. पळून आल्यावर पाणी प्यालीस का, हे एकदाबी मनात आलं न्हाय. आता येतंय. पडल्या त्या चार पोरींनी निदान मागितलं असंल.

सोनमला घेऊन जा. शेड मी बंद करतोय, पण शेडपासनं न्हाय, माझ्यापासनं लांब घेऊन जा. आणि एक ध्यानात ठेव. तिला तहान लागलीय का असं विचारू नकोस. ती न्हाय म्हणंल. नर्सला न्हाय म्हणती, डॉक्टरला न्हाय म्हणती, ओठ फुटलेले असताना न्हाय म्हणती. न विचारता पेला पुढं ठेव आणि पिऊन होईपतूर शेजारी बस. रोज. किती दिवस लागतील मला सांगता येत न्हाय. तुला किती लागले, ते तूच जाणतीस.

आई सकाळपासनं तसंच करती. पेला हातात देती, सोनम धरती. पण ओठाला लावायच्या आधी ती माझ्याकडं बघती. मी मान हलवली, पी म्हणलो, हात जोडले. तरी बघतच राहती, आणि पेला तसाच खाली ठेवती. आई म्हणली, "तुमी जरा बाहेर जावा."

मी बाहेर आलो, तवा ती प्याली. दारातनं आवाज ऐकला मी. सगळा पेला.

म्हणून हितं बाहेर बाकावर बसलोय. तू आलीस की माझ्यापाशी थांबू नकोस, सरळ आत जा.

गेणबा